शब्दांची भावकी

नॉर्मन लुइस यांच्या 'वर्ड पॉवर मेड ईझी' या पुस्तकातली सर्वांत देखणी गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी त्यातल्या रिकाम्या रेघेकडे बोट दाखवीन. एखादे क्रियापद सांगून झालेले असते, त्याचे मूळ उलगडलेले असते, आणि आता याचे नाम काय होईल, एवढे विचारून लेखक थांबतो. पुढे एक आडवी रेघ. वाचकाने पेन्सिल उचलायची आणि मागच्या पानावर तशाच घडणीचा दुसरा शब्द कसा बदलला होता ते आठवून रेघ भरायची. शब्द हाती पडण्याआधी त्याची ओढ लागते. आपल्या शास्त्रकारांनी वाक्यार्थाच्या अटी सांगताना 'आकांक्षा' सांगितली आहे: एक पद कानावर पडले की दुसऱ्याची अपेक्षा जागी होते. ही आकांक्षा लुइस यांनी वाक्यातून उचलून शब्दाच्या आत नेली. पुस्तकाचा रस आहे तो इथे.

पुस्तक १९४९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ब्रुकलिनमध्ये १९१२ साली जन्मलेले लुइस पेशाने इंग्रजीचे अध्यापक. कॅलिफोर्नियातल्या रिओ होंडो कॉलेजात त्यांनी शिकवले आणि १९७८ साली पुस्तकाची सुधारित आवृत्ती केली. मोठा शब्दसंग्रह म्हणजे आयुष्यातले यश, असा जो हिशेब ते सुरुवातीला मांडतात तो त्या काळच्या 'स्वतःला घडवा' छापाचा आहे. तो वाचावा आणि पुढे जावे. आपल्याकडे हे पुस्तक आले ते परीक्षांच्या वाटेने. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत ते हमखास दिसते. जुन्या प्रतींत बहुधा सुरुवातीच्या रेघा भरलेल्या असतात आणि पुढच्या कोऱ्या. ज्या पुस्तकाला इतके राबवून घेतले, त्याच्या घडणीकडे निवांत पाहणे मात्र राहून गेले. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढलेल्या घरांत इंग्रजी व्याकरणाचा धाक असे. लुइस यांच्याकडेही व्याकरण पानोपानी आहे, पण ते गोष्ट सांगत येते.

शब्दकोश अकारविल्हे चालतो, लुइस माणसांच्या ओळीने चालतात. स्वभावांविषयी बोलायचे कसे, डॉक्टरांविषयी कसे, खोटारड्यांविषयी कसे, शत्रूचा अपमान कसा करायचा, मित्राची तारीफ कशी करायची, अशी त्यांची प्रकरणे. आधी माणसाचे वर्णन येते, नाव मागाहून. स्वतःचाच फायदा पाहणारा तो 'इगोइस्ट', स्वतःचीच टिमकी वाजवणारा तो 'इगोटिस्ट', दुसऱ्यासाठी झिजणारा तो 'आल्ट्रुइस्ट'. तिघेही आपल्या ओळखीचे असतात. नाव कळले की ओळख पक्की होते, इतकेच. आपल्या परंपरेत अमरकोशही विषयवार आहे, स्वर्ग, भूमी, वनौषधी, मनुष्य अशा वर्गांनी चालणारा आणि पाठांतरासाठी रचलेला. पण अमरसिंहाचा कल पर्यायांकडे आहे: एका वस्तूची किती नावे. लुइस यांचा कल संततीकडे आहे: एका मुळाची किती रूपे, आणि त्यांतले कोणते काम करणारे, कोणते नुसते नाव, कोणते स्वभाव सांगणारे. क्रियापद, नाम, विशेषण या शाळेतल्या कोरड्या पेट्या त्यांच्याकडे भूमिका होतात. एकच मूळ तीन वेशांत प्रवेश करते.

खोटारड्यांचे प्रकरण घ्या. दहाच्या दहा शब्द विशेषणे आहेत, कारण नाम सगळ्यांना एकच पुरते: खोटारडा. एक 'नोटोरिअस', सगळ्या गावाला ठाऊक असलेला. एक 'कन्समेट', खोटे बोलण्यातला कसलेला कलावंत. 'इनकॉरिजिबल' कधी सुधारायचा नाही. 'इन्व्हेटरेट' मुरलेला, आणि आपला 'मुरलेला' हा शब्द त्या लॅटिन विशेषणाला चपखल बसतो, कारण त्याच्या मुळातही जुने होणे आहे. 'व्हेटरन' त्याच घरातला. कोणी जन्मजात, कोणी अखंड, कोणी रोगापोटी, कोणी ना खंत ना खेद असलेला, कोणी बोलण्यात गुळगुळीत. शेवटी येतो 'इग्रीजस', आणि तिथे लेखक खरा रंगतो.

लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. 'इग्रीजस' म्हणजे कळपातून बाहेर उठून दिसणारा. इंग्रजीत या शब्दाने आधी मान मिळवला आणि मग घालवला. असामान्य थोर अशा अर्थाने वावरलेला शब्द आज असामान्य वाईटासाठी उरला आहे. पण कळप हाती लागला की सगळी भावकी गोळा होते. माणसांत रमणारा तो 'ग्रिगेरिअस'. एकत्र जमणे ते 'काँग्रिगेट', त्याचे नाम 'काँग्रिगेशन'. कळपातून बाजूला काढणे ते 'सेग्रिगेट', त्याचे नाम 'सेग्रिगेशन'. हाउसिंग सोसायटीच्या फाटकावर ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पाटीवर जो शब्द आपण रोज वाचतो, तो मुळात मेंढरे वेगळी करण्याचा आहे. गावातल्या भावकीसारखेच इथेही आडनाव एक आणि स्वभाव भिन्न: एक सगळ्यांना जवळ करतो, दुसरा वाटणी मागतो, तिसऱ्याने घराण्याचे नाव बद्दू केलेले असते. लुइस हे नाते आधी सांगून टाकत नाहीत. ते 'सेग्रिगेट' सांगतात, 'से' म्हणजे अलग हे सांगतात, आणि नामाची रेघ वाचकापुढे ठेवतात.

रचनेची हीच खुबी शास्त्रज्ञांच्या प्रकरणात आणखी वरच्या पट्टीत जाते. कीटकशास्त्रज्ञाला 'एन्टमॉलॉजिस्ट' म्हणतात. का? कीटकाचे अंग मध्ये कापल्यासारखे दिसते, आणि ग्रीक भाषेत कापण्याचे मूळ 'टोम' असे आहे. लॅटिनलाही कीटक तसाच दिसला, म्हणून 'इन्सेक्ट'. त्यातले 'सेक्ट' म्हणजेही कापलेले. दोन भाषांनी एकच किडा एकाच नजरेने पाहिला. मग 'टोम' घेऊन पुस्तक निघते. ज्याचे तुकडे होत नाहीत तो 'अ‍ॅटम'. हे नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज विसाव्या शतकाने खोटा ठरवला, शब्द मात्र टिकला. कापून पाहण्याचे शास्त्र 'अ‍ॅनाटमी'. टॉन्सिल कापून काढणे 'टॉन्सिलेक्टमी'. आणि दोन तुकडे करणे 'डायकॉटमी'. इथपर्यंत नुसती नामे होती. आता वेश बदलतात: दोन भागांत विभागलेला तो 'डायकॉटमस', दोन भागांत विभागणे ते 'डायकॉटमाइझ'. पाठोपाठ 'एपिटमी', म्हणजे सार किंवा मूर्तिमंत नमुना, आणि त्यावरून क्रियापद कसे करायचे हा प्रश्न. वाचकाच्या जिभेवर 'एपिटमाइझ' आधीच आलेले असते. एक शेपूट ओळखीचे झाले की शेकडो शब्दांची दारे किलकिली होतात. लेखक मात्र शेकडो शब्द ओतत नाही, तीन-चारांवर थांबतो. या संयमाला मी कारागिरी म्हणतो.

'कृतींविषयी बोलायचे कसे' या प्रकरणात पट उलटा मांडला आहे. इथे क्रियापदे आधी येतात. त्यांतले शेवटचे 'प्लॅकेट': रागावलेल्याची समजूत काढणे. नाम 'प्लॅकेशन'. समजूत काढण्याच्या सुरातले बोलणे 'प्लॅकेटरी'. आणि ज्याची समजूत काही केल्या निघत नाही तो 'इम्प्लॅकेबल'. त्यावरून पुन्हा नाम 'इम्प्लॅकेबिलिटी'. गंमत अशी की नकाराचे हे विशेषण बोलण्या-लिहिण्यात ठणठणीत आहे, आणि त्याचे होकारी रूप 'प्लॅकेबल' कोशात धूळ खात पडले आहे. वैर न विसरणाऱ्याला नाव देण्याची निकड भाषेला जास्त वाटली, असे म्हणावे का? त्याच गोतातला 'प्लॅसिड', शांत पाण्यासारखा. आणि 'कम्प्लेसंट', स्वतःवर खूश होऊन सुस्तावलेला. लॅटिनमध्ये शांत करणे आणि खूश करणे ही क्रियापदे शेजारशेजारची. इंग्रजीत त्यांच्या पोटी आलेल्या शब्दांत एक मनधरणी करतो, एक हट्टाला पेटतो, एक निवांत बसतो, एक आत्मसंतुष्ट होतो. शांतता या एका कल्पनेचे इतके स्वभाव एका पानावर मांडलेले पाहिले की कोशातल्या नोंदी किती मुक्या असतात ते कळते.

याच प्रकरणातले 'मलाइन' हे क्रियापद कानाने वाचण्यासारखे आहे. मलाइन करणे म्हणजे एखाद्याची निंदानालस्ती करणे. लिहिताना त्यात 'जी' हे अक्षर आहे, बोलताना ते मुके. विशेषणात मात्र त्या अक्षराला वाचा फुटते: 'मलिग्नंट'. हा शब्द आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेला असतो तो इस्पितळाच्या रिपोर्टात, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला 'बिनाइन', तिथेही 'जी' मुके. 'साइन'मध्ये गप्प बसलेले हेच अक्षर 'सिग्नेचर'मध्ये आणि 'सिग्नल'मध्ये बोलते. इंग्रजी स्पेलिंगला आपण शाळेत शिव्या घातल्या, कारण लिहिलेले अक्षर का उच्चारायचे नाही हे कोणी सांगितले नाही. शब्द एकेकटा शिकवला की मुके अक्षर निव्वळ छळ असते. क्रियापद, नाम, विशेषण एका ओळीत उभे केले की तेच अक्षर नात्याचा पुरावा ठरते.

उच्चाराची दुसरी बाजू आघाताची. लुइस प्रत्येक शब्दाचा उच्चार तोडून लिहितात आणि जोर द्यायचे अक्षर मोठ्या लिपीत छापतात. मराठी कानाला याची सवय नाही, कारण आपल्याकडे आघात बदलल्याने शब्दाची जात बदलत नाही. इंग्रजीत बदलते. 'रेकॉर्ड' हे नाम पहिल्या अक्षरावर टेकते, रेकॉर्ड करण्याचे क्रियापद दुसऱ्यावर, 'परमिट'चेही तसेच. कुटुंब वाढले की जोर घरभर फिरतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो सुरुवातीला, 'फोटोग्राफर'मध्ये एक अक्षर पुढे सरकून 'टॉ'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. परोपकार सांगणाऱ्या 'फिलँथ्रपी'त तो 'लँ'वर आहे. विशेषण 'फिलन्थ्रॉपिक' झाले की 'थ्रॉ'वर जातो. आपण इंग्रजी सपाट बोलतो असे म्हणतात, त्याचे एक कारण हेच असावे: शब्द सुटे शिकलो, त्यांची चाल शिकलो नाही. लुइस शब्द मोठ्याने म्हणायला लावतात, पुन्हा म्हणायला लावतात, आणि कंटाळा येण्याच्या आत थांबवतात.

आता मराठी वाचकाला मिळणारा जादा आनंद. स्वभावांच्या प्रकरणात अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधला 'अँबिव्हर्ट' येतो, आणि 'अँबि' म्हणजे दोन्ही हे कळताच दोन्ही हातांनी सारखे काम करणारा 'अँबिडेक्स्ट्रस' येतो. 'डेक्स्टर' म्हणजे लॅटिनमध्ये उजवा. त्यावरून 'डेक्स्ट्रस', कुशल. नाम 'डेक्स्टेरिटी', हातचलाखी. डाव्यासाठी लॅटिन शब्द 'सिनिस्टर'. इंग्रजीत त्याचा अर्थ अभद्र. लुइस हे सांगून फ्रेंचकडे वळतात. आपली नजर इकडे घरात वळते. संस्कृत 'दक्षिण' म्हणजे उजवा आणि कुशलही. तो आणि 'डेक्स्टर' एकाच मुळाचे. 'वाम' म्हणजे डावा आणि वाकडाही. मराठीत उजवे ठरणे म्हणजे सरस ठरणे, आणि 'डावा' या विशेषणाचे क्रियापद 'डावलणे'. ज्याला डावलले तो आजही डाव्या बाजूलाच उभा असतो. लुइस यांनी मराठीचा विचार केलेला नव्हता, करण्याचे कारणही नव्हते. पण त्यांची पद्धत इतकी निर्मळ आहे की ती आपल्या भाषेलाही लागू पडते.

विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात, एशियाटिक सोसायटीपुढे, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान उगमाकडे बोट दाखवतात असे मांडले. त्या विधानाचा पडताळा लुइस यांच्या पुस्तकात पावलापावलावर येतो. दातांच्या डॉक्टरांत 'डेन्ट' आणि 'ओडाँट', आपला दंत. पायाचे 'पेड', आपले पद. वार्धक्याच्या अभ्यासातला 'जेराँ', आपली जरा. माफ करण्याच्या 'कंडोन'मध्ये देणे आहे, आपले दान. आनंदी संगतीच्या 'कन्व्हिव्हिअल'मध्ये 'व्हिव्ह', आपला जीव. मात्र इथे उतावळेपणा नडतो. नास्तिकाच्या 'एथीइस्ट'मधला ग्रीक 'थिओस' आपल्या देवासारखा ऐकू येतो, पण नाते नाही. देवाचा सख्खा आहे तो लॅटिन 'देउस'. आणि पुस्तकातच एक सापळा आहे: लहान मुलांच्या डॉक्टरमधले 'पेडिअ‍ॅ' हे ग्रीक मुलाचे, पादचाऱ्याच्या 'पेडेस्ट्रिअन'मधले 'पेड' हे लॅटिन पायाचे. मग 'ऑर्थोपेडिक'? चौकाचौकांत ही पाटी वाचताना आपण पाय समजतो; शब्द मुळात मुलांचे वाकडे अवयव सरळ करण्यावरून आला आहे. लुइस हा फरक मुद्दाम समोरासमोर ठेवतात. ज्याने नाती जोडायला शिकवले तोच खोटी नाती तोडायलाही शिकवतो, आणि दुसरे काम अधिक अवघड.

पद्धतीची मर्यादा कुठे लागते ते पाहायचे तर आपलेच एक मूळ घ्यावे. 'कृ' या धातूपासून मराठीत नामे किती! कृती स्वयंपाकातली. कृत्य पोलिसांच्या नोंदीतले. कार्य लग्नघरातले. करणी मांत्रिकाची. कर्म कपाळावर हात मारून आठवायचे. कर्तृत्व सत्काराच्या भाषणातले. सगळ्यांचे मूळ एक, सगळी नामे, आणि तरीही मराठी माणूस 'पुरणपोळीचे कृत्य' असे कधी म्हणणार नाही. ही जाण त्याला प्रत्ययांनी दिली नाही, वापराने दिली. लुइस यांची रेघ आपल्याला 'करणे'पासून सहाही नामांपर्यंत नेऊ शकेल. कोणते नाम कोणत्या घरात शोभते हे ती सांगू शकणार नाही. म्हणूनच हे पुस्तक पुरे करून थेट निबंध लिहायला बसणाऱ्यांचे इंग्रजी कधीकधी भरजरी आणि बेंगरूळ होते. शब्द बरोबर असतो, त्याचा शेजार चुकलेला असतो. पुस्तकाचे वयही काही ठिकाणी जाणवते. भांडखोर बाईसाठीचा 'व्हिरॅगो' हा शब्द अपमानांच्या यादीत सहज बसलेला आहे. आजचा वाचक तिथे थबकेल, आणि थबकावेच.

इंग्रजी स्वतःही कधी नाते गुंतवून ठेवते. स्तुतीच्या प्रकरणात 'इंजेन्युअस' येतो: निष्कपट, मनात एक ओठावर एक नसलेला. त्याच्या बाजूला दिसायला जुळ्यासारखा 'इंजीनिअस': कल्पक. आता नामे. कल्पकतेचे नाम आहे 'इंजेन्युइटी'. रूप पाहिले तर ते निष्कपट माणसाचे असायला हवे, आणि उगमाने ते त्याचेच होते. लॅटिनमधून आले ते कुलीन, मोकळ्या मनाच्या वृत्तीचे नाव म्हणून. इंग्रजीत दोघांची गल्लत झाली, कल्पक माणसाने ते नाम उचलले आणि बिचाऱ्या निष्कपट माणसाला 'इंजेन्युअसनेस' असे लांबलचक नाम घडवून घ्यावे लागले. निष्कपट माणसाची चीज कल्पक माणसाने लांबवावी, हे अर्थालाही शोभणारेच. अशा जागी रेघ भरणारा वाचक नियमाने चालला तर चुकतो, आणि त्या चुकीतून भाषेचा इतिहास त्याच्या हाती लागतो.

यास्काच्या निरुक्तात हाच वाद दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी नोंदलेला आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामे क्रियापदांतून जन्मली. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही. तसे असते तर रस्ता व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व म्हणावे लागले असते. लुइस पिंडाने शाकटायनाच्या पक्षाचे. मूळ दाखवा, रूप बदलून दाखवा, उरलेले वाचक स्वतः करील, हा त्यांचा विश्वास आहे, आणि इतक्या पिढ्यांच्या वाचकांनी तो बराचसा खरा ठरवला. यास्काने शाकटायनाची बाजू घेतली, पण गार्ग्याचा आक्षेप ग्रंथातून काढून टाकला नाही. या पुस्तकाच्या वाचकानेही तसेच करावे. रेघ भरताना शाकटायनाचे ऐकावे, आणि भरलेला शब्द वाक्यात ठेवण्याआधी एखादे चांगले इंग्रजी वर्तमानपत्र, एखादी कादंबरी उघडून गार्ग्याला विचारावे. दोघांचेही ऐकणाऱ्या वाचकाचा शब्दसंग्रह लुइस यांनी कबूल केल्यापेक्षा सावकाश वाढेल. पण त्यातला एकही शब्द त्याच्या वाक्यात परका वाटणार नाही.